द्राक्ष नारायणगावचं, नाव दुसऱ्याचं

लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, ब्राह्मी अक्षरांत एक छोटा लेख कोरलेला आहे. कल्याणच्या सोनाराचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिलं, एवढंच तो सांगतो. शेजारच्या सातव्या लेण्यात गिरिजात्मजाच्या दर्शनाची रांग लागलेली असते आणि त्या गर्दीतले बहुतेक जण हा लेख न पाहताच पायऱ्या उतरतात. समोर कुकडीच्या खोऱ्यापलीकडे शिवनेरी दिसतो. तिथल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचं कोरलंय, तर चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याचं. मानमोडीच्या डोंगरात चंद नावाचा तिसरा यवन भेटतो. दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून आलेली ही माणसं जुन्नरला स्थिरावली होती, दानधर्म करत होती, आणि आपलं नाव-गाव दगडात लिहून ठेवत होती. जुन्नरच्या लेखांची ही रीतच आहे: कुणी दिलं, कुणाचा मुलगा, कुठला राहणारा.

त्याच काळात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाइन आहे, आणि तीही नुसती वाइन म्हणून नाही. इटलीची पहिल्या पसंतीची, मग लाओदिकियाची, मग अरबस्तानची, अशी मुलखाच्या नावाने. कल्याण आणि पैठण ही नावंही त्या पुस्तकात आहेत, आणि या दोन गावांना जोडणारी वाट नाणेघाट चढून जुन्नरवरून जात असे. भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात सापडले, मुंबईजवळ घारापुरीलाही सापडले. म्हणजे कुठल्या मुलखाची वाइन चांगली, हा प्रश्न या प्रदेशात विचारला जात होता आणि त्याला उत्तरही होतं.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण लेण्याद्रीपासून वीसेक किलोमीटरवर, नारायणगावात आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात शामराव चौगुले यांनी तिथे ‘शातो इंडाज’ ही वाइन कंपनी उभी केली. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातलं १७८५ सालचं पायपर-हाइडसिक हे घराणं तंत्रसाहाय्याला होतं. तिथल्या पद्धतीने, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, नारायणगावात फसफसणारी वाइन तयार होऊ लागली. नाशिकला सुला ही वायनरी यायला अजून दहा-पंधरा वर्षं होती. वाइन म्हणजे काय, हे शहरातल्या सुशिक्षित माणसालाही सांगावं लागे असा तो काळ. त्या काळात जुन्नर तालुक्यातली बाटली परदेशातल्या हॉटेलांच्या यादीत जाऊन बसली, ही साधी गोष्ट नव्हती. त्या माणसांच्या हिमतीबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण बाटलीवर नाव काय होतं? परदेशात ‘ओमर खय्याम’ आणि देशात ‘मार्कीज द पॉम्पादूर’. एक इराणातल्या निशापूरचा कवी आणि गणिती, दुसरी फ्रान्सच्या पंधराव्या लुईची मैत्रीण. खय्यामचं एक वेळ समजू शकतो. माधव जूलियनांनी त्याच्या रुबाया मराठीत आणल्या, ‘द्राक्षकन्या’ हे पुस्तकही लिहिलं, तेव्हा तो आपल्याला परका नाही. तरी खय्याम नारायणगावला कधी आला नव्हता आणि मादाम पॉम्पादूरला जुन्नर कुठे आहे हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ज्या फ्रेंचांकडून तंत्र घेतलं, ते आपल्या गावाच्या नावाबद्दल किती हट्टी आहेत पाहा. शॅम्पेन प्रांताबाहेर, अगदी त्याच पद्धतीने आणि त्याच जातीच्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनलाही ते शॅम्पेन म्हणू देत नाहीत. त्यांच्याकडून आपण यीस्ट घेतलं, बाटल्या फिरवायची हातोटी घेतली, आणि सगळ्यात मोलाची शिकवण तिकडेच ठेवून आलो.

या वाइनची पारख करायची तर आधी बागेत जावं लागतं. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात जागा होतो आणि द्राक्षं सप्टेंबरच्या सुमारास उतरतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, त्याला कात्रीने शिस्त लावावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पहिलीत काडी तयार होते, दुसरीनंतर घड येतो. पुढचे चार महिने शेतकऱ्याचा डोळा लागत नाही. ढगाळ हवा आली की केवडा रोग, थंडी पडली की भुरी, आणि मण्यात पाणी उतरल्यावर पाऊस झाला तर सगळाच खेळ खलास. वारुळवाडी, मांजरवाडी, गुंजाळवाडीच्या बागांमधून जानेवारीत फिरलात तर दिवसा ऊन चटचटतं आणि पहाटे अंगावर घोंगडी घ्यावी लागते. हा दिवस-रात्रीचा फरक वाइनच्या दृष्टीने फार मोलाचा. रात्री गरम असल्या की मण्यातली आंबटाई झपाट्याने उतरते. थंड रात्री ती राखून ठेवतात.

आंबटाई हाच इथे कळीचा मुद्दा आहे, आणि तिथेच आपल्या बागायतदाराच्या सवयीच्या उलट जावं लागतं. खायच्या द्राक्षाला मणी मोठा हवा, साल पातळ हवी, बी नको, गोडी भरपूर हवी. त्यासाठी जीए या संजीवकात घडांची डिपिंग आली, विरळणी आली. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया. खाल्लं तर जीभ वळते. आणि फसफसत्या वाइनसाठी तर ते गोडी पूर्ण भरण्याआधीच तोडायचं असतं, साखर १८ ब्रिक्सच्या आसपास असताना, कारण बाटलीत पुन्हा साखर आणि यीस्ट घालून अल्कोहोल वाढणारच असतं. पिढ्यान्‌पिढ्या गोडीसाठी राबलेल्या माणसाला “आंबट असतानाच तोडा” असं सांगणं म्हणजे त्याच्या कसबावरच अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. तरी नारायणगावच्या शेतकऱ्यांनी शार्दने, उनी ब्लां असल्या वाणांची लागवड करून पाहिली. उनी ब्लां तर आंबटाईसाठीच ओळखलं जातं, फ्रान्समध्ये त्याची कोन्याक करतात. जोडीला आपलं थॉम्पसन सीडलेसही वाइनमध्ये गेलं, कारण ते हाताशी होतं.

जमिनीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. कुकडीकाठी बोरी बुद्रुक गावाजवळ नदीच्या थडीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या उद्रेकांमधली मानली जाते. त्यांपैकी नेमक्या कोणत्या उद्रेकाची, यावर संशोधकांत दोन मतं आहेत. तिच्या आसपास आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली. खाली सह्याद्रीचा काळा कातळ, तोही लाव्ह्याचाच. वाइनच्या जगात ज्वालामुखीच्या जमिनीची वाइन म्हणून इटलीतल्या एटनाच्या उतारांचं केवढं कौतुक होतं! आपल्याकडे हे सगळं असून कुणी सांगितलं नाही.

आता चवीकडे येतो. गेल्या हंगामात वारुळवाडीच्या एका बागायतदारांच्या पडवीत आम्ही एक बाटली उघडली. ती दिंडोरी तालुक्यातली, शेनिन ब्लां या द्राक्षाची होती, पण तयार करण्याची पद्धत तीच, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्याची. सगळे ज्यांना आबा म्हणतात ते हे गृहस्थ माळकरी नाहीत, पण पिणारेही नाहीत. त्यांना कुतूहल होतं ते आपल्या द्राक्षाचं पुढे काय होतं याचं.

बाटली अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवली होती. आठ अंशांच्या आसपास आली की पुरे, त्याहून गार केली तर वास मुका होतो. पेले साबणाशिवाय, नुसत्या गरम पाण्याने धुतले होते. साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे मरतात. आत दाब पाच-सहा वातावरणांचा असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून बूच उडवायचं नसतं. तारेचा वेढा सहा अर्धे पीळ देऊन सैल करायचा, बूच मुठीत घट्ट धरायचं आणि फिरवायची ती बाटली. बूच सुटताना आवाज निसटत्या श्वासाइतका व्हावा. लग्नात, क्रिकेटच्या बक्षीस समारंभात बूच उडवून फेस उधळतात तेव्हा मला वाईट वाटतं. तो फेस म्हणजे तळघरात गेलेले महिने असतात.

ते महिने कसे जातात हेही थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा आंबवलेल्या वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबणं सुरू होतं, वायू बाहेर पडायला जागा नसते, तो वाइनमध्येच विरघळतो. यीस्ट मरतं आणि तळाशी बसतं. त्या गाळावर वाइन जितकी जास्त मुरेल तितकी तिला भाजलेल्या पावाची, लोण्याची चव येते. शॅम्पेनमध्ये किमान पंधरा महिने बाटलीत काढावे लागतात. मग बाटल्या तिरक्या ठेवून रोज थोड्या थोड्या फिरवत गाळ मानेशी आणायचा, मान गोठवायची, गाळाचा खडा दाबाने बाहेर उडवायचा, जागा भरून बूच लावायचं. पूर्वी हे सगळं हातानेच चाले. ते करणाऱ्या कामगारांची मनगटं सलग हजारो बाटल्या फिरवत.

पेल्यात वाइन दोन दमांत ओतली. रंग फिकट, पेंढ्याचा, कडेला किंचित हिरवट. बुडबुडे बारीक होते आणि पेल्याच्या तळातल्या दोन-तीन ठिकाणांहून सरळ धाग्यासारखे वर चढत होते. बुडबुडा जितका बारीक तितकं बाटलीतलं आंबणं शांतपणे, थंडाव्यात झालं असा साधारण हिशेब. वरून वायू भरलेल्या स्वस्त वाइनचे बुडबुडे मोठे असतात आणि दहा मिनिटांत संपतात. हे अर्धा तास टिकले.

वास घेताना आधी पेला हलवला नाही. हलक्या वासांना पहिली संधी द्यायची असते. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, आणि त्यामागे पिकायला आलेल्या पेरूचा तो ओळखीचा, जरा उग्र वास. पेरू मला आवडला. फ्रेंच चवीच्या परीक्षकाने तिथे कदाचित नाक मुरडलं असतं, पण आपल्या उन्हातल्या शेनिन ब्लांमधून हा वास येणं स्वाभाविक आहे आणि तो दोष मानायचं मला कारण दिसत नाही. पावाचा वास मात्र फार पुसट होता. गाळावर जरा कमी दिवस काढले असावेत.

पहिला घोट तोंडात धरून ठेवला. फेस जिभेवर पसरतो तेव्हा टोचता कामा नये, मऊ उमलायला हवा. तो बऱ्यापैकी मऊ होता. आंबटाई नेटकी, गालांच्या आतल्या बाजूंना पाणी सुटेल अशी. पण जिभेच्या मध्यावर वाइन जरा पोकळ वाटली. सुरुवात छान, शेवट ठीक, मधे काहीतरी हवं होतं. गिळल्यावर चव किती वेळ राहते तेही मनात मोजत राहायचं. चांगल्या वाइनची चव निवांत मागे रेंगाळते, हिची तेवढी लांबली नाही. शेवटी बदामाच्या सालीसारखा कडूपणा उरला, तो मला चांगला वाटला.

आबांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “माल लवकर तोडलाय. पण रात्री थंडी होती तेव्हाचा आहे.” पाठीवरच्या चिठ्ठीतलं काहीही त्यांनी वाचलेलं नव्हतं. त्यांच्या सुनेने, त्या कृषी पदवीधर आहेत, विचारलं, “आबा, कशावरून?” ते म्हणाले, “आंबट आहे, पण कच्चं नाही लागत.” कच्चेपणा आणि आंबटाई यांतला हा फरक शिकायला वाइनच्या अभ्यासवर्गात लोक पैसे भरतात. आयुष्यभर मणी फोडून चाखणाऱ्या माणसाच्या जिभेत तो आधीच होता. नारायणगावात पारखीची कमतरता कधीच नव्हती. टोमॅटोच्या बाजारात क्रेटवर नजर फिरवून भाव सांगणारे इथले, आणि पाडव्याच्या आधी राहुट्यांमध्ये बसून कुठला तमाशाचा फड आपल्या जत्रेला न्यायचा हे ठरवणाऱ्या गावकऱ्यांना पारखही याच गावात लागते.

परीक्षकांची गुणपत्रिका असते. डेव्हिसच्या विद्यापीठात रुळलेली वीस गुणांची पद्धत मला बरी वाटते: रंग, वास, आंबटाई, अंग, चव यांना वेगवेगळे गुण. त्या संध्याकाळच्या बाटलीला मी वीसपैकी पंधरा दिले. शंभर गुणांची पद्धत दुकानदाराला सोयीची, पण ९१ आणि ९२ यांतला फरक जिभेला कळतो असं कुणी म्हटलं तर माझा विश्वास बसत नाही. आणि कुठल्याच पत्रिकेत जागेला गुण नसतात. मला विचाराल तर ते असायला हवेत. ही वाइन दुसरीकडे कुठे झाली असती का, या प्रश्नाचं उत्तर “नाही” असेल, तर तिथे खरी किंमत सुरू होते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण वाइनमधलं नाही, तंबाखूमधलं आहे. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या देशाच्या सिगारला आज जाणकारांत मोठा मान आहे. मध्यमाहून जड अंगाची, मिरीची झणझण आणि कोकोचा कडवटपणा असलेली तिथली सिगार चाखणारे तिचे तीन भाग करून पारखतात. पहिल्या भागात तिखटपणा, मधल्यात गोडवा, शेवटी माती आणि कातडं. राख किती घट्ट राहते, ओढ मोकळी आहे का, वरचं पान कुठलं, बांधणीचं कुठलं, आतलं कुठलं, सगळं पाहतात. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडून आलेल्या तंबाखूवाल्यांनी बियाणं आणि वळण्याचं कसब एस्तेलीच्या खोऱ्यात नेलं. बी क्यूबाचं, हात क्यूबाचे. पण पुढे त्यांच्यातल्या काहींनी सिगारला क्यूबाचं उसनं नाव दिलं नाही. १९६८ मध्ये एस्तेलीत सुरू झालेल्या कारखान्याच्या सिगारचं नावच ‘होया दे निकाराग्वा’, निकाराग्वाचं रत्न. आज घेणारा विचारतो, पान एस्तेलीचं की हालापाचं, कोन्देगाचं की ओमेतेपे बेटाचं. ओमेतेपे तर दोन ज्वालामुखींचं बेट आहे, जमीन राखेचीच. तंबाखू घातकच, धूर छातीत न घेता तोंडात खेळवला तरी घातक. मी तिची शिफारस करत नाही. पण एका खोऱ्याने परक्या बियाण्यावर स्वतःचं नाव कसं मिळवलं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आपल्याकडेही निपाणीच्या तंबाखूला गावाच्या नावानेच भाव मिळतो.

नारायणगावला तो टप्पा गाठता आला नाही. शातो इंडाज कंपनी मोठी झाली, परदेशात वायनरी घेण्यापर्यंत गेली, आणि २००८ च्या जागतिक मंदीनंतर कर्जाखाली कोसळली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात अवसायनापर्यंत गेलं. त्याच सुमारास राज्यातल्या अनेक वाइन-द्राक्ष उत्पादकांनी वेली उपटून पुन्हा खायच्या द्राक्षाकडे मोर्चा वळवला. जुन्नरच्या काळ्या द्राक्षाने, जंबो आणि शरदने, परदेशात नाव कमावलं ही आनंदाची बाब आहे. पण वाइनसाठी आंबट द्राक्ष पिकवायला शिकलेला हात त्या धांदलीत वाया गेला. पैसे बुडाले ते पुन्हा उभे करता येतात, पण पंचवीस वर्षांत कमावलेलं कसब एका पिढीत विसरलं जातं.

वाइनची बाजू मांडताना समोरची तक्रार ऐकून घेतली पाहिजे. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, त्यावर गदारोळ उठला आणि तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही. विरोध करणाऱ्यांत दारूने घर मोडलेल्या बाया होत्या. त्यांना “वाइन म्हणजे दारू नव्हे” असं सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. साडेबारा टक्के अल्कोहोल म्हणजे अल्कोहोलच. वाइन आरोग्याची आहे असं सांगून ती विकू नये, शेतकऱ्याचं नाव पुढे करून तर मुळीच विकू नये. ज्याने पिऊ नये त्याने पिऊ नये, यात वाद नाही. पण जो पितो त्याने घोटाघोटाला थांबून, जेवणाबरोबर, काय पितो आहोत हे ओळखून प्यावं. पारख करणारा माणूस कमी पितो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

नाशिकने एक शहाणपण केलं. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळवलं. जुन्नरच्या वाइनलाही ते मिळवता येईल, जर आधी जुन्नरची वाइन पुन्हा उभी राहिली. त्यासाठी मोठा कारखाना लागत नाही. पाच-सहा बागायतदार, एक लहान तळघर, डोंगराच्या उत्तर उतारावरची जमीन आणि आठ-दहा वर्षांची सबुरी पुरे. नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दूर नाही, आणि २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर झालेल्या जुन्नरला बघायला येणारी माणसंही कमी नाहीत.

जो कुणी हे हाती घेईल त्याला माझी एकच विनंती आहे. बाटलीच्या दर्शनी चिठ्ठीवर मोठ्या देवनागरी अक्षरांत गावाचं नाव छापा, तालुका छापा, वाण छापा आणि तोडणीचा महिना-वर्ष छापा. इंग्रजी आणि फ्रेंच अक्षरं खाली, लहान. आणि तुम्ही, वाचकांनी, कुठलीही मराठी मुलखातली वाइन घ्याल तेव्हा आधी पाठीवरची चिठ्ठी वाचा. द्राक्ष कुठल्या गावचं हे तिथे नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर कंपनीला पत्र लिहा.